पन्नास रुपये महिना आणि वर्षाला एक पुस्तक

महिना पन्नास रुपये. मुदत तीन वर्षे. राहायचे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात, आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचे. १९०८ च्या सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आमच्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींपुढे ठेवलेल्या या अटी. मी सरकारी कारकून. आयुष्य टिपणे लिहिण्यात आणि वाचण्यात गेले. त्यामुळे असेल, पण कोसंबींच्या चरित्रातला हा तपशील वाचला तेव्हा मला त्यांच्या पायी प्रवासापेक्षाही याचेच अप्रूप अधिक वाटले. रक्कम किती, मुदत किती, काम किती, सगळे ओळीत! विद्वान आणि राजा यांच्यामधला व्यवहार इतका स्वच्छ फार थोड्या वेळा झाला असेल.

कोसंबींची गोष्ट गोमंतकीय वाचकाला नव्याने सांगायला नको. तरी थोडक्यात उजळणी करतो. जन्म १८७६ चा. शाळेचे शिक्षण बेताचेच. बुद्धाविषयी वाचून त्याचा ध्यास घेतला आणि १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया करत करत ते सिंहलद्वीपात पोचले, तिथे पाली शिकले, भिक्षू झाले, ब्रह्मदेशात राहून आले. १९०६ नंतर कलकत्त्यात पालीचे अध्यापन करू लागले. तिथे त्यांना मान होता आणि पुढे वाढत्या पगाराचेही बोलणे होते. हे २५० रुपयांचे बोलणे मागे टाकून त्यांनी बडोद्याचे ५० रुपये पत्करले. कारण एकच. जे शिकलो ते आपल्या मराठी माणसांपर्यंत मराठीतून पोचवायचे, हे त्यांच्या मनाने घेतले होते.

म्हणजे पाचपट रकमेवर पाणी सोडले. आपल्याकडे अशा गोष्टीला लगेच 'त्याग' म्हणून मोकळे होतात. मला मात्र त्यात हिशेब दिसतो. कोसंबींना माहीत होते की पन्नासात पोट भरते, चैन होत नाही. वर्षाला एक पुस्तक म्हणजे काम कुठे संपते हेही माहीत होते. आणि तीन वर्षांची मुदत असल्याने हे जन्माचे बंधन नाही, हेही. यानंतर बडोद्यात त्यांची व्याख्याने झाली आणि १९१० मध्ये ती 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने पुस्तकरूपाने आली. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी ते छोटे पुस्तक आजही नव्या वाचकाच्या हाती निःशंकपणे देता येते.

या हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा पदरी तान्ही मुलगी होती. त्यांच्या पत्नी बाळाबाई यांनी कित्येक वर्षे गोव्यात नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून काढली. ध्यासाची किंमत ध्यास घेणारा एकटा देत नाही, घर देते. पन्नास रुपयांचा करार झाला तेव्हा ही किंमत निम्मीशिम्मी देऊन झाली होती.

आता हे सारे आज का काढले, ते सांगतो.

माझ्या कचेरीत एक तरुण सहकारी आहे. उत्तम ऑर्गन वाजवतो. गोव्यात अशा माणसाला हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसते, हे वाचकांना ठाऊक आहे. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, गावोगाव उत्सवी नाटके लागतात, आणि संगीत नाटक म्हटले की ऑर्गन आणि तबल्याची साथ हवीच. शिवाय तालमी. रात्री दहाला पडदा उघडतो म्हणून सांगतात, उघडतो बाराला, आणि भरतवाक्य होईपर्यंत कोंबडा आरवतो. तिथून मोटारसायकल हाणत घरी यायचे, आंघोळ करायची आणि साडेनऊला हजेरीपटावर सही. आपल्या गावचा, ओळखीचा, देवाचे काम, अशी तिन्ही कारणे एकदम पुढे आली की 'नाही' म्हणायची सोय उरत नाही. मानधनाचे कोणी बोलत नाही. बोलले तर शाल आणि नारळ. तीन हंगाम त्याने असे काढले. चौथ्या हंगामात तो वाजवायचा थांबला. आजारी नव्हता. बोटेही ठीक होती. "ऑर्गनकडे बघवत नाही," इतकेच म्हणाला. गेल्या वर्षी त्याने ऑर्गन विकून टाकला.

याला हल्ली 'बर्नआउट' म्हणतात. हा शब्द या अर्थाने रूढ करणाऱ्यांपैकी हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचा लेख १९७४ चा. गंमत म्हणजे त्यांनी हे दुखणे पाहिले ते गिरणीत किंवा कारखान्यात नव्हे. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात, आपले दिवसाचे काम संपवून संध्याकाळी सेवा म्हणून येणाऱ्या स्वयंसेवकांत त्यांना ते आढळले. ते स्वतःही त्यातलेच एक होते. मन लावून, प्रेमाने, फुकट काम करणारी ही माणसे आधी चिडचिडी झाली आणि मग आतून विझली. आमच्या उत्सवी नाटकातल्या साथीदाराचे चित्र याहून वेगळे ते काय? २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात याची नोंद घेतली, पण रोग म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. म्हणजे औषधाच्या बाटलीत उत्तर नाही. कामाच्या मांडणीतच ते शोधायला हवे.

ही मांडणी कशी असावी, याचा एक जुना नमुना बडोद्यात आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरले, तेव्हा मी अर्जित रजा टाकून गेलो होतो. माझी एक मावसबहीण लग्न होऊन नागरवाड्यात गेलेली. तिच्याकडेच उतरलो. नागरवाडा हा जुन्या शहरातला भाग. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, ओट्यांवर गुजराती आणि मराठी दोन्ही एका दमात बोलणारी माणसे. मावसबहिणीच्या शेजारच्या आजोबांनी मला ऐकवले, "बडोद्याला येऊन नुसता राजवाडा पाहून जाऊ नका. आमच्या बडोद्याचे मोठेपण कचेऱ्यांत आहे!" कारकुनाला याहून गोड वाक्य कोण ऐकवणार? मग संमेलनातली एक-दोन सत्रे बुडवून मी शहर पायी धुंडाळले. कोठीची ती किल्ल्यासारखी इमारत पाहिली. कॉलेजचा प्रचंड घुमट पाहिला. कलाभवनापर्यंत जाऊन आलो.

कॉलेजचा घुमट पाहताना मला आठवले ते चिं. वि. जोशी. आपल्या चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक! चिमणराव इतका अस्सल पुणेरी की त्याचा लेखक आयुष्याची उमेदीची वर्षे बडोद्यात होता, हे कित्येकांना खरे वाटत नाही. जोशींचा जन्म पुण्यातला, १८९२ चा. ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकले. आणि शिकवायला कोण? १९१२ मध्ये अमेरिकेहून परतलेले धर्मानंद कोसंबी! सांखवाळहून निघालेला धागा बडोद्याला स्पर्शून पुण्याला गेला आणि तिथून पुन्हा बडोद्याला आला. १९२० च्या सुमारास जोशी बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले. पाली, इंग्रजी, मराठी शिकवू लागले. पुढे संस्थानच्या दप्तरखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. म्हणजे अखेर तेही आमच्याच बिरादरीतले. रुमाल, बस्ते, आवक-जावक!

या माणसाच्या पुस्तकांची साले एका कागदावर मांडून पाहावीत. १९३२ मध्ये 'एरंडाचे गुऱ्हाळ', १९३३ मध्ये 'चिमणरावाचे चऱ्हाट'. आता दुसरा रकाना. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी त्यांनी 'सद्धम्मप्पकासिनी' या अवघड पाली टीकाग्रंथाचे संपादन केले. त्याचा पहिला भाग निघाला १९३३ मध्ये, चिमणरावाच्याच साली! दुसरा भाग १९४० मध्ये. त्याच साली मास्टर विनायकांचा 'लग्न पहावे करून' हा चित्रपट पडद्यावर आला आणि चिमणराव घरोघर पोचला. टीकाग्रंथाचा तिसरा आणि शेवटचा भाग १९४७ मध्ये. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत चौदा वर्षे. मधल्या काळात 'वायफळाचा मळा' आले, 'आणखी चिमणराव' आले, 'ओसाडवाडीचे देव' आले. आणि या सगळ्याच्या बाजूला नोकरी चालूच.

जोशी रोज किती वाजता उठत, किती पाने लिहीत, यावर मी कल्पनेचे इमले बांधणार नाही. सालांवरून दिसते तेवढेच बोलतो. एकाच वेळी तीन कामे चालली होती आणि तिन्हींचा वेग वेगळा होता. पोट नोकरीवर होते, त्यामुळे विनोदाला दरमहा भाडे भरावे लागत नव्हते. विनोदी लेखकाला याहून मोठे वरदान नाही. हसवणे हीच रोजीरोटी झाली की पहिला बळी हसण्याचा जातो. पालीच्या संपादनाला टाळ्या मिळत नाहीत, पण घाईही नसते. आणि चिमणरावाला टाळ्या मिळत होत्या, म्हणून पालीच्या एकांताचा कंटाळा येत नसावा. हा शेवटचा माझा तर्क. पण १९१६ मध्ये पालीचे पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस १९६३ मध्ये, म्हणजे आपल्या अखेरच्या वर्षीही, बौद्ध संप्रदायावरचे पुस्तक देऊन जातो. सत्तेचाळीस वर्षे न विझता चाललेला हा दिवा आहे. वातीला किती तेल लागते हे ठाऊक असल्याशिवाय असे होत नाही.

बडोद्याने हा कागदी शिस्तीचा प्रयोग गवई-वादकांवरही केला. संस्थानात 'कलावंत कारखाना' होता. इथे कारखाना म्हणजे खाते. गवई, बीनकार, नर्तकी यांच्या नेमणुका, पगार, रजा, दंड या सगळ्यांचा कारभार कागदावर. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या देखरेखीखाली संस्थानची गायनशाळा निघाली. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. फैयाजखाँसाहेबांसारखा सिंह या दरबाराचा गायक होता. १९५० मध्ये त्यांचा देहान्त झाला तोही बडोद्यातच.

पण म्हणून बडोद्याचा काळ सोन्याचा होता, असे समजू नये. रजेचा अर्ज लिहिणे प्रत्येक कलावंताच्या स्वभावात बसत नाही. अब्दुल करीमखाँसाहेब बडोद्याच्या दरबारी होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बडोदे सोडून गेले. कारण घरगुती होते, ताराबाईंशी जुळलेले लग्न. पण नोकरी सुटली म्हणून त्यांचे गाणे सुटले नाही. उलट ते महाराष्ट्र-कर्नाटकभर पसरले. त्यांच्या कन्या हिराबाई आपल्या नावापुढे 'बडोदेकर' लावत. राजाश्रय हे एक साधन आहे. ज्याला ते मानवते त्याला मानवते.

मात्र आश्रय आहे आणि त्याला मर्यादा लिहिलेली नाही, अशा ठिकाणी काय होते, त्याचे उदाहरण अल्लादियाखाँसाहेबांचे आहे. माळव्यातल्या एका लहान संस्थानात ते तरुणपणी होते. तिथल्या अधिपतीला गाण्याचे अपार वेड. वेळ नाही, काळ नाही, गायला बसायचे आणि गातच राहायचे. परिणाम असा झाला की खाँसाहेबांचा आवाजच गेला. पुढे परत आला तो पूर्वीचा नव्हे. या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, आणि तीच जयपूर-अत्रौलीची पेचदार गायकी म्हणून आपण आज डोक्यावर घेतो. शेवट गोड झाला म्हणून ती वर्षे विसरायची नाहीत. रसिकाच्या प्रेमानेही गळा कापला जातो.

या खाँसाहेबांची तालीम पुढे आमच्या केरीच्या केसरबाईंना मिळाली, कुर्डीच्या मोगूबाईंना मिळाली. केसरबाईंच्या अटी किती कडक होत्या, त्याचे किस्से गोव्यात आजही सांगतात. आणि आवाज शाबूत असतानाच त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या, हे तर सर्वश्रुत आहे. लोक त्याला ताठा म्हणत. गुरूच्या आवाजाची कथा ज्या घराण्यात सांगितली जाते, त्या घराण्याच्या शिष्येने आपल्या गाण्याभोवती कुंपण घातले, तर त्याला मी ताठा म्हणणार नाही.

बडोद्यातली तिसरी इमारत कलाभवनाची. १८९० मध्ये रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेली ही संस्था आज विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेत सामावली आहे. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांत एक नाव आहे धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम, जे हाताशी येईल ते शिकणारा हा त्र्यंबकचा तरुण. पुढची कथा सर्वांना माहीत आहे. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि झपाटले गेले. मग रोज चित्रपट पाहणे, प्रयोग, जागरणे. इतके की डोळे गेले आणि काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण, १९१२ मध्ये लंडनची वारी, घरच्या वस्तू विकून उभे केलेले भांडवल. पत्नी सरस्वतीबाई दिवसा साऱ्या कंपनीचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्मला भोके पाडायला बसत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला.

इथपर्यंतची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पुढची कमी सांगतो. यश आले, भांडवलदार भागीदार आले, १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांना हिशेब हवा होता आणि फाळक्यांना मोकळीक. खटके उडाले. फाळके सारे सोडून काशीला निघून गेले. ज्या माणसाने पाच-सहा वर्षांपूर्वी देशाला चित्रपट दिला, तो पन्नाशीच्या आतच 'आता पुरे' म्हणून गंगाकाठी बसला होता! तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. नंतर ते परतले, पुन्हा काम केले, पण पहिली झेप पुन्हा आली नाही. १९३७ मध्ये कोल्हापुरात 'गंगावतरण' हा बोलपट केला. १९४४ मध्ये नाशिकला गेले तेव्हा त्यांनी उभा केलेला धंदा कोट्यवधींचा झाला होता आणि ते स्वतः त्याच्या परिघाबाहेर होते.

आता प्रामाणिक प्रश्न. फाळक्यांनी जर जोश्यांसारखी नोकरी सांभाळून, सवडीने चित्रपट काढायचे ठरवले असते, तर तो निघाला असता का? मला वाटते, नसता निघाला. काही कामे अशी असतात की ती माणसाचा सगळा जीव मागतात. यंत्र, माणसे, पैसा सारे एकदम जुळवावे लागते. पाली टीकाग्रंथासारखी चौदा वर्षे तो चित्रपट थांबला नसता. तेव्हा 'नोकरी धरून ठेवा, मग छंद करा' असा उपदेश फाळक्यांच्या चरित्रातून काढता येत नाही, आणि मी तो काढणारही नाही.

पण एवढे मात्र दिसते. फाळक्यांना थकवले ते पहिल्या चित्रपटाच्या कष्टांनी नव्हे. त्या कष्टांच्या शेवटी एक ठरलेली गोष्ट होती. चित्रपट पूर्ण करायचा आणि लोकांना दाखवायचा. त्यांना थकवले ते पुढच्या वर्षांनी, जेव्हा कोणाला किती द्यायचे, किती काढायचे, शब्द कोणाचा चालायचा, यातले काहीच सुटेना. कामाचा डोंगर माणूस चढतो. शिखर दर वळणावर मागे सरकत राहिले की तो खाली बसतो. माझ्या सहकाऱ्याचे नेमके हेच झाले. वीस नाटके वाजवली की एकविसावे तयार. आणि विसावे वाजवले याची नोंद कुठेच नाही.

कोसंबींच्या करारात शिखर हलत नव्हते. म्हणूनच की काय, पुढच्या मोठ्या निराशाही त्यांनी पचवल्या. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी बोलावले. वॉरन या अमेरिकन पंडिताचे अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे होते. श्रेयावरून तिथल्या प्राध्यापकांशी मतभेद झाले, म्हणून ते १९१२ मध्ये परतले. पुढे पुन्हा गेले, काम केले. ती हार्वर्ड आवृत्ती छापून बाहेर आली १९५० मध्ये. कोसंबींनी १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला होता. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी हाती घेतलेले काम डोळ्यांनी पाहायला मिळाले नाही. पण त्या एका कामावर त्यांनी सारे आयुष्य टांगून ठेवले नव्हते. मधल्या काळात फर्ग्युसनमध्ये शिष्य घडवले, 'निवेदन' हे आत्मचरित्र लिहिले, मराठीत पुस्तके दिली, आणि १९४० मध्ये 'विसुद्धिमग्गा'ची आपली देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनातून काढलीही. जगाच्या हातात होते ते जगावर सोडले, आपल्या हातात होते ते करून टाकले.

मला स्वतःलाही मित्र सांगतात, "वीस वर्षे नोकरी झाली, स्वेच्छानिवृत्ती घे आणि पूर्णवेळ लिही." चांगल्या मनाने सांगतात. मी कागदावर आकडे मांडून पाहिले. मराठी लेखाचे मानधन, गोव्यातल्या मराठी पुस्तकाची खपणारी आवृत्ती, घराचा हप्ता, मुलीचे शिक्षण. उत्तर इतके स्पष्ट आले की खंत करायलाही जागा उरली नाही. तेव्हा मी माझ्यापुरत्या अटी लिहून ठेवल्या आहेत. महिन्याला एक लेख. मार्चअखेरच्या हिशेबाच्या धांदलीत तोही नाही. तीन वर्षांत एक पुस्तक जमले तर जमले. लेख किती जणांनी वाचला हे रोज मोजायचे नाही. या अटी पाळणे अवघड नाही, आणि पाळल्या की झोप लागते.

गावोगावच्या नाट्यमंडळांना आणि देवस्थान समित्यांना माझी एक विनंती आहे. साथीदाराला बोलावताना एक साधे पत्र द्या. तालमी किती, प्रयोग किती, पडदा किती वाजता उघडणार, ने-आण कोण करणार, मानधन किती. रक्कम लहान असली तरी हरकत नाही, कागदावर असू द्या. देवाच्या कामाला पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. बडोद्याच्या महाराजांनी बुद्धाच्या कामाला अटी घातल्या होत्या, आणि त्या कामाचा त्यात काही अपमान झाला नाही. साथीदारांनीही हंगामाच्या सुरुवातीलाच आपला आकडा ठरवावा आणि तो भरला की हात जोडावेत. माणसे चार दिवस नाराज होतील. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील.

माझ्या सहकाऱ्याचा ऑर्गन डिचोलीकडच्या एका शाळेने घेतला आहे. या चतुर्थीला त्याच्या घरी आरतीला गेलो, तेव्हा कोणाची तरी जुनी हातपेटी पुढे होती आणि तो वाजवत होता. एक आरती, दोन आरत्या. तिसरी संपल्यावर त्याने भाता बंद केला आणि प्रसाद वाटायला उठला. कोणी आणखी आग्रह केला नाही. बरे वाटले.